स्लग गन: आधी बॅरल बघा, मग स्लग, आणि मगच स्कोपला हात लावा

प्रश्न थोडक्यात परत मांडतो, म्हणजे मागून वाचणाऱ्यांना संदर्भ लागेल. तुम्ही इलिनॉयमधल्या नेपरव्हिलला राहता, ऑफिसातल्या मित्राच्या काकांचं त्याच राज्यातल्या पाइक काउंटीत (म्हणजे जिल्ह्यात) शेत आहे आणि त्यांनी नोव्हेंबरच्या पहिल्या फायरआर्म सीझनला हरणाच्या शिकारीसाठी बोलावलंय. मित्राची जुनी १२ गेजची (गेज म्हणजे नळीच्या रुंदीचं माप, आकडा लहान तितकी नळी रुंद) पंप शॉटगन घेऊन रेंजवर गेलात, दुकानदाराने हातात ठेवलेले महागातले साबो स्लग (स्लग म्हणजे छऱ्यांऐवजी एकच मोठी गोळी असलेलं शॉटगनचं काडतूस, साबो हा त्यातला एक प्रकार) लावलेत, ५० यार्डांवर पाच बार काढले तर चार दीड फुटात विखुरले आणि पाचवा कागदावरच आला नाही. आता तुम्ही विचारताय की स्कोप खराब आहे का, नवीन बंदूक घेऊ का, घ्यायची तर १२ का २०, आणि झिरो (म्हणजे ज्या अंतरावर गोळी बरोबर स्कोपच्या फुलीवर पडते ते अंतर) ५० यार्डांना करायची का १०० ला. बजेट स्कोप धरून ६०० डॉलरच्या आसपास.

स्कोपला सध्या हात लावू नका. तुम्ही स्वतःच लिहिलंय की मित्र ही बंदूक बदकांसाठी वापरायचा आणि बॅरल, म्हणजे नळी, २८ इंची आहे. म्हणजे ती जवळजवळ नक्की स्मूथबोअर आहे, आतून गुळगुळीत, आणि साबो स्लग बनवलेलाच असतो रायफलिंग असलेल्या बॅरलसाठी. त्याला स्थिर राहायला स्वतःभोवती गिरकी लागते, ती गिरकी बॅरलमधले पीळ देतात, पीळ नाहीत तर तो हवेत आडवातिडवा होत जातो. दीड फुटाचा ग्रुप (कागदावरच्या भोकांचा पुंजका) म्हणजे बंदुकीने जे करायचं तेच केलंय. आमच्या क्लबच्या रेंजवर ऑक्टोबरात लोकांच्या बंदुका झिरो करून द्यायला मी बसतो, तिथे दरवर्षी हीच तक्रार घेऊन कुणी ना कुणी येतंच, आणि दर वेळी दोष स्कोपवर ढकललेला असतो.

तर "कुठली बंदूक बेस्ट" हा प्रश्न जरा बाजूला ठेवू. बॅरल आणि स्लग ही जोडी आहे. जोडी जुळली की साधी स्वस्त बंदूक पण काम करते, नाही जुळली तर हजार डॉलरची पण नाही करत.

त्याआधी कायद्याचं दोन मिनिटांत उरकतो, कारण आपल्या लोकांचे यातच सगळ्यात जास्त गोंधळ असतात. ग्रीन कार्ड असेल तर फेडरल कायद्यात तुम्ही शिकारीच्या बंदुकीपुरते सिटिझनसारखेच. एच-१बी किंवा दुसऱ्या तात्पुरत्या व्हिसावर असाल तर बंदूक बाळगायला मुळात बंदी आहे, पण चालू हंटिंग लायसन्स असणाऱ्याला त्यात सूट आहे, आणि "चालू" हा शब्द नीट लक्षात ठेवा, लायसन्स संपलं की सूट पण संपते. व्हिसावर असाल तर एकदा वकिलाला विचारा, माझ्या भरवशावर राहू नका. इलिनॉयमध्ये राहणाऱ्याला वर फॉइड (FOID) कार्ड, म्हणजे बंदूक बाळगायचं राज्याचं ओळखपत्र, लागतं, मित्राची बंदूक हाताळायची असली तरी, आणि दुकानातून बंदूक घेतली की ७२ तास थांबल्याशिवाय ती हातात देत नाहीत. १ जानेवारी १९८० ला किंवा नंतर जन्मलेल्यांना हंटर एज्युकेशनचा कोर्स करावा लागतो आणि हरणाचं परमिट काउंटीप्रमाणे निघतं, म्हणजे पाइकचं परमिट घेऊन शेजारच्या काउंटीत बसता येत नाही. शॉटगनमध्ये तीनपेक्षा जास्त काडतुसं मावता कामा नयेत, त्यासाठी मॅगझिनमध्ये लाकडाचा किंवा प्लॅस्टिकचा प्लग घालतात. बदकांच्या बंदुकीत तो बहुतेक आधीच असतो, पण उघडून बघा.

आणि हो, दर वेळी कुणीतरी विचारतंच म्हणून, भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हे सगळं बंद आहे आणि ते योग्यच आहे. इथली परिस्थिती वेगळी आहे. इलिनॉयमधून हरीण एकेकाळी जवळजवळ संपलं होतं, मग ते जपून वाढवलं, १९५७ साली सीझन परत सुरू झाला आणि आज हरणांची संख्या शिकारीच्या परमिटांवरच आवरली जाते. मंडळाच्या गणपतीत या विषयावर माझे पुष्कळ वाद झालेत, इथे परत नको.

शॉटगनच का, रायफल का नाही, हे पण लोक विचारतात. सपाट शेतं, मधेमधे घरं, रायफलची गोळी चुकली तर फार लांब जाते, म्हणून इलिनॉयने वर्षानुवर्षं शॉटगनच ठेवली. २०२३ पासून एकच गोळी मावणाऱ्या काही सेंटरफायर रायफलींना परवानगी आहे, सरळ भिंतीच्या, म्हणजे तोंडाशी एकदम अरुंद न होणाऱ्या काडतुसाच्या, जसं की थ्री-फिफ्टी लेजंड किंवा फोर-फिफ्टी बुशमास्टर. नवीन काहीतरी घ्यायचंच असेल तर तो पर्याय पण बघून ठेवा, धक्का कमी बसतो आणि नेम लवकर जमतो. पण तुमच्याकडे आत्ता शॉटगन आहे, प्रश्न शॉटगनचा आहे, म्हणून पुढचं सगळं त्यावरच.

पहिला प्रश्न मित्राच्या काकांना विचारा: मला बसवणार कुठे? पाइक काउंटीत दोन्ही प्रकार आहेत. ओकच्या झाडीतल्या घळीत स्टँड (हरणाची वाट बघत बसायची जागा) असेल तर हरीण ४०-६० यार्डांवर येतं आणि ८० च्या पुढे मधे झाडंच येतात. कापलेल्या मक्याच्या शेताच्या कडेला बसवलं तर १२०-१५० यार्डांवर हरणं उभी दिसतात आणि हात शिवशिवतात. पहिल्या जागेसाठी साध्या स्लगची स्मूथबोअर पुरते. दुसऱ्या जागेसाठी रायफल्ड बॅरल आणि साबो पाहिजेत, नाहीतर ७० च्या पुढचं हरीण नुसतं बघायचं. हे एक उत्तर मिळालं की अर्धा निर्णय झाला.

आता स्लगचे प्रकार. सगळ्यात स्वस्त आणि सगळीकडे मिळणारा तो फॉस्टर, पाकिटावर "रायफल्ड स्लग" असं लिहिलेलं असतं आणि त्यामुळेच नवीन माणूस फसतो, कारण तो स्मूथबोअरसाठी असतो. १९३१ च्या सुमारास कार्ल फॉस्टर नावाच्या माणसाने केला. मऊ शिशाचा, मागून पोकळ, सगळं वजन नाकाशी, त्यामुळे बॅडमिंटनच्या शटलकॉकसारखा नाक पुढे ठेवूनच उडतो. त्याच्या अंगावरच्या तिरक्या रेघा बघून लोकांना वाटतं त्यानेच तो फिरतो, पण त्या रेघांनी फिरणं नावालाच होतं. त्यांचा खरा उपयोग चोकमधून (बॅरलच्या तोंडाशी लावतात त्या अरुंद नळीतून) जाताना शिसं दबायला जागा मिळावी हा आहे. १२ गेजचा एक औंसाचा फॉस्टर साधारण १६०० फूट प्रति सेकंदाने सुटतो पण जाडजूड आकारामुळे वेग लवकर घालवतो, १०० यार्डांवर तो हजाराच्याही खाली आलेला असतो.

दुसरा ब्रेनेके, जर्मनीतल्या विल्हेल्म ब्रेनेकेंचा, १८९८ चा. हा भरीव असतो आणि मागे वॉड (नमद्याचा किंवा प्लॅस्टिकचा तुकडा) स्क्रूने घट्ट बसवलेलं असतं, ते शेपटीचं काम करतं. फॉस्टरपेक्षा कठीण, आत खोल जातो, स्मूथबोअरमधून छान चालतो. हरणाला इतक्या खोलीची गरज नसते, पण काही बॅरलींना फॉस्टर अजिबात मानवत नाही आणि ब्रेनेके मात्र एका मुठीत पडतात, म्हणून एक पाकीट घेऊन बघायला हरकत नाही.

तिसरा साबो. यात गोळी बॅरलच्या पोकळीपेक्षा लहान असते आणि ती प्लॅस्टिकच्या कवचात बसवलेली असते. कवच बॅरलच्या पिळांना धरतं, गोळीला फिरवतं आणि बाहेर पडल्यावर गळून पडतं. १२ गेजचा ३०० ग्रेनचा (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) साबो २००० फुटांनी सुटतो, टोकदार असतो, त्यामुळे लांबवर वेग टिकवतो. एका काडतुसाला तीन-चार डॉलर किंवा जास्तच पडतात, म्हणजे तुमच्या त्या रेंजवरच्या दुपारी बरेच पैसे हवेत गेले. स्मूथबोअरमधून साबो मारला म्हणून बंदूक फुटत नाही, फक्त नेम राहत नाही.

उलटं, रायफल्ड बॅरलमधून फॉस्टर मारला तर? धोका नाही, पण मऊ शिसं पिळांत चिकटत जातं, पाच-सात बारांनंतर ग्रुप फाटायला लागतो आणि मग ते शिसं खरवडून काढायला एक संध्याकाळ जाते.

चोकबद्दल मात्र कडक बोलतो. स्मूथबोअरमध्ये स्लगसाठी सिलिंडर किंवा इम्प्रूव्हड सिलिंडर चोकच लावायचा. बदकांच्या बंदुकीत त्याहून अरुंद मॉडिफाइड किंवा फुल लावलेला असायची दाट शक्यता आहे. फुल किंवा टर्की चोकमधून स्लग मारायचा नाही, नेम तर जातोच, पण चोक किंवा बॅरलचं तोंड फुगू शकतं. चोकच्या कडेला नाव किंवा खुणा कोरलेल्या असतात. बंदूक रिकामी आहे हे डोळ्यांनी आणि बोटाने तपासा, मगच चोक काढून वाचा. रायफल्ड चोक ट्यूब म्हणून एक मधला मार्ग मिळतो, स्मूथबोअरच्या टोकाला दोन-तीन इंच पीळ असलेली नळी. माझ्या अनुभवात काही बंदुकींत ती ७०-८० यार्डांपर्यंत बरी चालते, काहींत काहीच फरक पडत नाही, आणि ते मारल्याशिवाय कळत नाही. पैसे जपून वापरायचे असतील तर मी तिच्यावर घालणार नाही.

मग १२ का २०? पाच-दहा वर्षांपूर्वी विचारलं असतंत तर मी पण "१२ घ्या, अमेरिकेत सगळे तेच घेतात" असं म्हणालो असतो. आता नवीन माणसाला, आणि त्यातही ज्याने लहानपणी बंदूक हातात धरलेली नाही अशा आपल्या माणसाला, मी २० सांगतो. १२ गेजचा स्लग हलक्या पंप गनमधून मारला की धक्का थर्टी-ऑट-सिक्स रायफलपेक्षा जास्त बसतो. बेंचवर बसून असे दहा-बारा बार काढले की शरीर आपोआप दचकायला शिकतं, चाप ओढायच्या आधीच डोळा मिटतो, खांदा मागे जातो. ही सवय एकदा लागली की काढायला आख्खा उन्हाळा जातो. २० गेजचा साबो २५०-२६० ग्रेनचा, १८०० फुटांच्या आसपास सुटतो आणि १२५ यार्डांच्या आतल्या हरणाला तो भरपूर झाला. हरणाला काय फरक कळणार?

फक्त हरणासाठी वेगळी बंदूक घ्यायची असेल तर सॅव्हेजची २२० मला आवडते. २० गेज, बोल्ट अॅक्शन (हाताने दांडा मागेपुढे करून भरायची), पूर्ण रायफल्ड बॅरल, ट्रिगर हलका करता येतो, आणि बॅरल रिसीव्हरला (बंदुकीच्या मधल्या, यंत्रणेच्या भागाला) कायमची घट्ट बसवलेली. हा शेवटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. पंप शॉटगनची बॅरल काढता-घालता येते, म्हणजे ती रिसीव्हरमध्ये किंचित हलते पण. तुमच्या मित्राच्या बंदुकीवर स्कोप रिसीव्हरवर सॅडल माउंटने (खोगिरासारख्या पट्टीने) बसवलाय असं फोटोत दिसतंय, म्हणजे स्कोप एका तुकड्यावर आणि बॅरल दुसऱ्या, आणि दर बाराला दोघांमधलं नातं केसभर बदलतं. ५० यार्डांवर तो केस दोन-तीन इंचांचा होतो. यावर उपाय म्हणजे कँटिलिव्हर बॅरल. तिच्यात स्कोपची पट्टी बॅरललाच जोडलेली असते आणि मागे रिसीव्हरवर नुसती तरंगते, बॅरल हलली तरी स्कोप तिच्याबरोबरच हलतो.

बजेटचं सांगायचं तर २२० नवी घेतलीत की सगळे पैसे बंदुकीतच संपतात किंवा थोडे वरच जातात, स्कोप राहतो. म्हणून तुमच्यासाठी माझा क्रम असा. मित्राची बंदूक रेमिंग्टन ८७० किंवा मॉसबर्ग ५०० असेल तर तिच्यासाठी वेगळी रायफल्ड कँटिलिव्हर बॅरल मिळते, वापरलेली पण मिळते, आणि मित्राला चालत असेल तर हा सगळ्यात स्वस्तातला चांगला मार्ग. बॅरल बदलायला मॅगझिनची टोपी उघडायची, जुनी ओढायची, नवी सारायची, झालं. मात्र ८७० ची ५०० ला बसत नाही, आणि एकाच कंपनीत पण गेज, चेंबरची (काडतूस बसतं त्या जागेची) लांबी आणि मॅगझिनची लांबी जुळावी लागते. स्वतःची हवी असेल तर मॅव्हरिक ८८ बघा, मॉसबर्गचीच स्वस्त बहीण, ५०० च्या बऱ्याचशा बॅरली तिला लागतात. पक्ष्यांची आणि हरणाची अशा दोन बॅरली असलेला कॉम्बो मिळाला तर आणखी बरं. आणि स्टँड घळीत आहे असं कळलं तर काहीच विकत घेऊ नका. इम्प्रूव्हड सिलिंडर चोक लावा, वेगवेगळ्या दोन-तीन कंपन्यांच्या फॉस्टरचं एकेक पाकीट घ्या आणि रेंजवर परत जा.

स्कोप कमी पॉवरचा घ्या, २-७ किंवा त्याच्या आसपास. आय रिलीफ, म्हणजे डोळा आणि काचेतलं अंतर, साडेतीन इंच तरी पाहिजे, नाहीतर धक्क्याने स्कोपची कडा भुवईवर येते आणि सोमवारी ऑफिसात सगळ्यांना कारण सांगत बसावं लागतं. माउंटचे स्क्रू तेल पुसून, निळं थ्रेडलॉकर (स्क्रू धरून ठेवणारा डिंक) लावून घट्ट करा. स्लगचे धक्के स्क्रू सैल करतात हे गृहीतच धरा.

आता झिरो करण्याचं, यात जरा वेळ घेतो.

रेंजवर जायच्या आधी घरी बोअरसाइट करा. कँटिलिव्हर बॅरल असेल तर फार सोपं, बॅरल स्कोपसकट बंदुकीतून काढायची, टेबलावर वाळूच्या पिशव्यांत स्थिर ठेवायची, मागच्या तोंडातून आत बघून लांबची एखादी वस्तू बरोबर मधोमध आणायची, आणि मग बॅरल न हलवता स्कोपची फुली त्याच वस्तूवर आणायची. बोल्ट अॅक्शन असेल तर बोल्ट काढून तेच. यामुळे पहिला बार निदान पुठ्ठ्यावर तरी पडतो.

पहिले बार २५ यार्डांवर, मोठ्या पुठ्ठ्यावर. एक मारा, फार लांब नसेल तर दुसरा मारून खात्री करा, मग स्कोप फिरवा. इथे हिशोब चुकतो लोकांचा. बहुतेक स्कोपचा एक क्लिक म्हणजे १०० यार्डांवर पाव इंच. ५० वर तोच क्लिक एक अष्टमांश इंच, २५ वर एक सोळांश. म्हणजे २५ वर तीन इंच सरकवायचं तर ४८ क्लिक, आणि लोक १२ फिरवून म्हणतात स्कोप हलतच नाही. कागदावर लिहून घ्या आणि मोजत फिरवा.

मग ५० वर या. आता तीन-तीन बारांचा ग्रुप, आणि ग्रुपचा मध्य बघून स्कोप फिरवायचा, एकेका भोकाच्या मागे धावायचं नाही. दोन बारांमध्ये बॅरल गार होऊ द्या, हाताला कोमट लागली तरी थांबा. पातळ बॅरल तापली की बार सरकत जातात आणि तुम्ही त्या सरकलेल्या जागेवर झिरो करून घरी जाता. हरणाला मिळणार तो गार बॅरलचा पहिला बार.

बंदूक पिशवीवर ठेवताना पुढचा लाकडी किंवा प्लॅस्टिकचा भाग ठेवा, बॅरल कशावरही टेकवू नका, आणि डाव्या हाताने तो भाग धरून ठेवा, नाहीतर बंदूक उडी मारते आणि बार वर जातात. खांद्यावर जाड पॅड लावायला लाजू नका. काही लोक वजनं ठेवलेल्या चौकटीत बंदूक अडकवून मारतात, त्याने खांदा वाचतो पण बार वेगळ्या जागी पडू शकतो आणि धक्का सगळा दस्त्यावर येऊन तो तडकू पण शकतो. मी ती फक्त पहिल्या दोन-चार बारांना वापरतो.

एका बंदुकीसाठी तीन तरी वेगळे स्लग मारून बघा. एकाच कंपनीच्या, एकाच मॉडेलच्या, शेजारी बनलेल्या दोन बॅरली वेगवेगळा स्लग पसंत करतात, याचं कारण विचारू नका, असतं ते असतं. स्मूथबोअरमधून फॉस्टरचे तीन बार ५० वर तीन-चार इंचांत आले तर खूश व्हा. रायफल्ड बॅरलमधून साबो १०० वर तीन इंचांत यायला पाहिजेत. जो आवडला त्याची त्याच लॉट नंबरची दोन-तीन पाकिटं जास्त घेऊन ठेवा, सीझनच्या आठवड्यात दुकानात नेमका तोच संपलेला असतो.

कागद वाचायला शिका. बार उभ्या रेषेत पसरले तर बहुतेक तुमची पकड दर वेळी बदलतेय. आडवे पसरले तर ट्रिगर बाजूला ओढला जातोय किंवा मॅगझिनची टोपी सैल आहे. दोन वेगळे पुंजके पडले तर माउंट हलतंय. सगळीकडेच पसरले तर स्लग आणि बॅरल जुळत नाहीत, म्हणजे तुमची आत्ताची केस. आणि तुम्ही दचकताय का हे बघायचं असेल तर मित्राला सांगा, तुम्हाला न दाखवता मधेच एखादं डमी काडतूस भर म्हणून. चाप ओढल्यावर आवाज आला नाही आणि बॅरलचं तोंड मात्र खाली गेलं, तर दोष कोणाचा ते लगेच दिसतं. अशा वेळी स्लग बंद करायचे आणि हलक्या छऱ्याची काडतुसं मारून शांत व्हायचं.

झिरो किती वर? फॉस्टर ५० वर झिरो केला तर १०० वर साधारण पाच इंच खाली पडतो, आणि ताशी दहा मैलांचा आडवा वारा असेल तर तिथे आठ-दहा इंच बाजूला पण जातो. म्हणून स्मूथबोअरला ५० चीच झिरो आणि ७०-७५ यार्डांची लक्ष्मणरेषा. जोरकस साबो १०० वर झिरो केला तर ५० वर अर्धा-पाऊण इंचच वर असतो आणि १५० वर चार इंच खाली, त्यामुळे १२५ पर्यंत डोक्यात काही गणित न करता सरळ नेम धरता येतो. काही लोक १०० वर अडीच-तीन इंच वर ठेवून १५० ची झिरो करतात. पहिल्या सीझनला ते करू नका, कारण तुमचा बहुतेक नेम ६० यार्डांवर लागणार आहे आणि तिथे उगाच वर जाईल.

बेंचवरचं काम झालं की बेंच सोडा. हरणाचं हृदय-फुप्फुस साधारण आठ इंचांच्या वर्तुळात येतं, मी सहा इंची कागदी प्लेट लावतो. गुडघ्यावर बसून, किंवा स्टँडच्या कठड्यावर टेकवतो तसं काठीवर टेकवून मारा. ज्या अंतरापर्यंत सगळे बार प्लेटमध्ये पडतात ते तुमचं अंतर. पाकिटावर २०० यार्ड लिहिलेलं असू दे, तुमची प्लेट ८० ला संपत असेल तर तुम्ही ८० यार्डांचे शिकारी. आणि हे सगळं शिकारीला घालणार तेच जाड जॅकेट घालून करा. सप्टेंबरात टी-शर्टवर झिरो केलेल्या माणसाचा खांदा नोव्हेंबरात दोन इंच जाड झालेला असतो, दस्ता पुढे जातो, डोळा स्कोपपासून लांब जातो आणि काचेत काळी कडा दिसायला लागते.

सुरक्षेचं एकच पण मोठं. १२ आणि २० ची काडतुसं एका खिशात, एका पिशवीत, एका टेबलावर कधीच नाही. २० चं काडतूस १२ च्या चेंबरमध्ये घसरून पुढे बॅरलमध्ये अडकतं, बाहेरून बंदूक रिकामी वाटते, मागून १२ चं भरलं जातं आणि चाप ओढला की बॅरल फाटते. म्हणूनच २० ची काडतुसं पिवळी बनवतात. मित्र १२ वाला आणि तुम्ही २० वाले असाल तर गाडीत पण वेगवेगळ्या बॅगा. बाकी कानाला, डोळ्याला संरक्षण, आणि हरणाच्या मागे माती दिसत नसेल तर बार नाही, टेकडीच्या कडेवर उभ्या हरणावर तर कधीच नाही.

तर तुमच्यासाठी या आठवड्यात करायचं एवढंच: काकांना स्टँडचं अंतर विचारा, बॅरलवर कोरलेलं मॉडेल, गेज, चेंबर आणि चोक वाचा, उरलेले साबो बाजूला ठेवा आणि फॉस्टर घेऊन ५० यार्डांवर तीन बार मारा. फोटो टाका, मग बॅरल घ्यायची का बंदूक ते ठरवू.

आणि शेतावर पोचलात की एक काम राहतं. पहिला सीझन शुक्रवारी उघडतो, तुम्ही बहुतेक गुरुवारी दुपारी पोचाल, केसमध्ये बंद आणि रिकामी बंदूक चार-पाच तास गाडीत हिंदकळलेली असेल. काकांची परवानगी घेऊन, मागे मातीचा उंच बांध बघून, ५० यार्डांवर गार बॅरलचा एक बार मारा. जिथे पडायला पाहिजे तिथून दीड-दोन इंचांत असेल तर साफ न करता बंदूक ठेवून द्या. जास्त सरकलेला असेल तर स्कोप फिरवायच्या आधी मॅगझिनची टोपी आणि माउंटचे स्क्रू तपासा, बहुतेक वेळा तिथेच सापडतं, घट्ट करून परत तीन बार मारा. त्यासाठी एक पाकीट जास्त न्या.